सातमाळच्या चढाचं इंजिन

"ह्याच्यात काय दिसतंय तुला?" आप्पांनी कार्बोरेटर माझ्या नाकासमोर धरला.

"डबा," मी म्हणाले. "भंगारात किलोवर जाईल."

जानबा गावडे खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण आप्पा हसले नव्हते. त्याची बायको गौराक्का जुन्या टायरवर बसून आम्हा बापलेकीकडे आळीपाळीने बघत होती. गॅरेजच्या दारात त्यांची जीप बॉनेट उघडून उभी होती आणि आत इंजिनाच्या जागी नुसता खड्डा होता.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला आमचं गॅरेज होतं, म्हणजे अजूनही आहे. आप्पा, महादेव मेस्त्री, त्याचे मालक. मी कुंदा, त्यांची एकुलती एक मुलगी. आयटीआय करून पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपात दोन वर्षं काढली आणि आई गेल्यावर परत आले. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. निदान मला तसं वाटायचं. आप्पांना तसं वाटत नव्हतं, आणि ह्यावरून आमच्या घरात रोज भांडी आपटायची.

जानबाची जीप वडापची, म्हणजे सीटभाड्याने माणसं नेणारी. गडहिंग्लज ते सातमाळ. सातमाळला एसटी जात नाही, कारण शेवटचे दोन किलोमीटर छातीवर येणारा चढ आहे आणि एका अंगाला दरी. त्या चढावर जुन्या इंजिनाने एका पावसाळ्यात तीनदा दम सोडला होता. तिन्ही वेळा गौराक्काने मागच्या फाळक्यावरून उडी मारून चाकाखाली धोंडा लावला, म्हणून माणसं वाचली. हे नवराबायकोच वडाप चालवायचे. तो पुढे स्टेअरिंगवर, ती मागे माणसं भरायला आणि उतरवायला.

"इंजिन कुठलंबी घाला मेस्त्री," जानबा म्हणाला होता, "पर सातमाळच्या चढाला ते थांबता कामा न्हाई. एवढंच बगा."

"म्होरच्या बारीला धोंडा उचलायला माझ्यात बळ न्हाई," गौराक्काने पुस्ती जोडली होती.

कोल्हापूरच्या भंगारबाजारात दोन इंजिनं बघून ठेवली होती. दोन्ही एकाच जातीची, लिलावातल्या गाड्यांमधली, जानबाच्या जीपमध्ये थोड्या कापाकापीने बसतील अशी. एक जुनं, कार्बोरेटरचं. दुसरं त्यानंतरचं, इंजेक्शनचं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देण्याचं जे काम कार्बोरेटर करतो, ते इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटर करतो, फरक एवढाच. जानबाची ऐपत ओढूनताणून इंजेक्शनपर्यंत जात होती, पण त्यासाठी दिवाळीचा सीझन घालवून थांबावं लागलं असतं.

"थांबा," मी जानबाला सांगितलं. "इंजेक्शनला चढउतार कळत नाही. गाडी उभी करा, आडवी करा, पंप दाबाने पेट्रोल पोचवतो. कार्बोरेटरात पेट्रोल वाटीत उघडं साठलेलं असतं. गाडी कलली की तेही कलतं. तुमचा सगळा धंदाच कललेल्या रस्त्यावर."

"आणि त्यो कॉम्प्युटर सातमाळात बंद पडला तर?" आप्पा म्हणाले. "जानबा काय त्येच्यापुढं नारळ फोडणार? उंदरानं एक वायर खाल्ली की गाडी ठार. कार्बोरेटरात कचरा आला तर स्क्रू काढायचा, फुकायचं, निघायचं. गौराक्काबी करंल."

"उंदराला भिऊन कुणी घर बांधायचं थांबत नाही, आप्पा."

"चाळीस वर्षांत माज्या कार्बोरेटरातलं पेट्रोल कलून सांडलं न्हाई."

"चाळीस वर्षं तुम्ही सपाटीवरच्या गाड्या दुरुस्त केल्यात."

हे म्हणायला नको होतं. खरं नव्हतंच ते. आंबोलीच्या घाटातल्या निम्म्या गाड्या आप्पांच्या हाताखालून जायच्या. पण जीभ एकदा घसरली की घसरली. आप्पांनी कार्बोरेटर फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि जानबाकडे बघत, माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाले,

"जानबा, ह्या गॅरेजात मेस्त्री एकच हाय. ही पुण्यात दोन वर्सं लॅपटॉप जोडून बटणं दाबून आलीया. शिकाऊ हाय. शिकाऊचं किती ऐकायचं ते तू ठरीव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जानबा खाली बघायला लागला. गौराक्का मात्र माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत कीव होती. मला ती कीव आप्पांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबली.

"मेस्त्री म्हनतील तसं," जानबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा.

इंजिन आलं, बसलं. आठ दिवस मी आप्पांशी कामापुरतं बोलले. "पाना द्या." "धरा." "सोडा." त्यांनाही तेवढंच पुरत होतं. खाण तशी माती. शेजारचा लेथवाला म्हणायचा, तुमच्या गॅरेजात गाड्यांपेक्षा तुम्हा दोघांच्या दातांचाच आवाज जास्त येतो.

इंजिनाबरोबर आलेला कार्बोरेटर घासून गेलेला निघाला. आप्पांनी कपाटातून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा एक चांगला कार्बोरेटर काढला. तो ह्या इंजिनावर सरळ बसेना, म्हणून मध्ये घालायला लेथवर एक प्लेट करून आणली. आता ती प्लेट अशी होती की कार्बोरेटर दोन्ही बाजूंनी बसू शकत होता. पेट्रोलची वाटी पुढे येईल असा किंवा वाटी मागे जाईल असा. वाटी पुढे घेतली तर रेसची केबल वळवून घ्यावी लागत होती आणि तिला एक नवी पट्टी करावी लागत होती. वाटी मागे घेतली की केबल सुतासारखी सरळ.

"वाटी मागं घे," आप्पा म्हणाले. "केबल सरळ येतीया." आणि ते खंडेनवमीसाठी हत्यारं घासायला रॉकेलचा डबा आणायला गेले.

मी दहा नंबरचा पाना हातात घेऊन उभी होते. मला त्या क्षणी सगळं दिसलं. सपाटीला काही होणार नाही, गाडी लोण्यासारखी पळेल. पण चढाला जीपचं नाक वर होणार, पेट्रोल वाटीत मागे, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या भोकापासून लांब झुकणार, आणि इंजिन ओढून ओढून थकलं तरी त्याला पुरेसं मिळणार नाही. आधी मिस मारेल, मग बंद. भरलेली गाडी, लांब चढ, पहिला गिअर. सातमाळ. ज्याला सातमाळ माहीत आहे त्याला हे सांगायला पुण्याचं वर्कशॉप लागत नाही.

आप्पा घाईत होते आणि त्यांचं लक्ष केबलवर होतं. चाळीस वर्षांत होणारी एखादी चूक त्यांच्याकडून होत होती आणि ती मला दिसत होती. एक हाक मारायची होती. आप्पा, वाटी पुढे पाहिजे. चार शब्द.

मी चारही नट आवळले.

का, ते सांगते. माझ्या डोक्यात एक चित्र होतं. गाडी चढाला फटफट करत बंद पडते, जानबा ती तशीच उतरवून आणतो, बाजारपेठेत उभं राहून ओरडतो, आणि मेस्त्र्यांचं नाक कापलं जातं. मग शिकाऊचं ऐकलं जातं. बरं, आप्पांची पद्धतच होती की नवं इंजिन घातल्यावर गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी स्वतः चढावर ट्रायल घ्यायची. म्हणजे ते तोंडघशी पडणार ते माझ्यासमोर, रिकाम्या गाडीत. इतकंच मला हवं होतं. मी काही राक्षस नव्हते. फक्त माझा राग माझ्यापेक्षा मोठा होता आणि मी त्याला मोठा होऊ दिला होता.

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. पहिल्या सेल्फला लागलं आणि इतकं मऊ चाललं की आप्पा स्वतःशी हसले. ते हसू बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे ह्या दिवशी हत्यार उचलत नाहीत. पाने, पकडी, हातोडे, जॅक, सगळं घासूनपुसून पांढऱ्या कापडावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. दसऱ्याची पूजा होईपर्यंत मग कशाला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विसावा. आप्पा ह्या बाबतीत इतके कडक की एका वर्षी आमदाराची गाडी पंक्चर होऊन दारात उभी राहिली होती, तर तिला ढकलत दुसऱ्याच्या दुकानात पाठवलं होतं.

हत्यारांची पूजा झाल्यावर ते जीपकडे गेले. बॉनेट उघडलं. इंजिनाला हळद लावली, कुंकू लावलं. मग बोट तसंच कार्बोरेटरवर टेकवून किती तरी वेळ उभे राहिले. मी उंबऱ्यात झेंडूचं तोरण ओवत बसले होते.

"कुंदे," ते म्हणाले.

"काय?"

"काय म्हणायचं हाय का तुला?"

"कशाबद्दल?"

"ह्येच्याबद्दल. इंजिनाबद्दल."

"मी काय म्हणणार?" मी सुईवरून नजर उचलली नाही. "मी शिकाऊ."

त्यांनी बोटावरचं कुंकू फडक्याला पुसलं. मग "बरं" म्हणून बॉनेट खाली टाकलं. जरा जोरातच टाकलं. मला वाटलं, शिकाऊ शब्द परत दिला म्हणून चिडलेत. मला बरं वाटलं.

दहाच्या सुमाराला जानबा आणि गौराक्का आले. गौराक्काने नवं लुगडं नेसलं होतं, हातात नारळ आणि हार. दसऱ्याला गाडीची पूजा दारात झाली पाहिजे असं तिचं म्हणणं.

"ट्रायल राहिलीया," आप्पा म्हणाले. "उद्या पूजा झाल्यावर चढाला जाऊन यितो, मग न्या."

"ट्रायल कशाला, आमीच घिऊन जातावंच की चढाला," जानबा हसला. "आवाज ऐकला की मी रस्त्यावरनं. गाय हंबारल्यागत चाललंय. मेस्त्री, महिना झाला गाडी बंद हाय. आज बाजाराला आल्याली आमच्या वाडीची मानसं स्टँडवर बसून हायत. सणाच्या तोंडावर न्हाई म्हनू नगा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तोरण बांधायला स्टुलावर चढले होते. मग त्यांनी हत्यारांच्या कापडाकडे बघितलं. दहा नंबरचा पाना तिथेच होता, सगळ्यांत पुढे, हळद लावून ठेवलेला. चार नट काढायचे, वाटी फिरवायची, चार नट आवळायचे, केबलला तारेने वळण द्यायचं. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. मी मनात म्हणाले, आज हत्यार उचलत नाहीत. एरवी मी ह्या सोवळ्याला नाकं मुरडायची. त्या दिवशी मला ते फार सोयीचं वाटलं. आणि बोलायला तर पाना लागतच नाही.

"हळू जा," आप्पा जानबाला म्हणाले. "चढाला गाडी भरू नगंस. चार मानसं. जास्त न्हाई."

"व्हय व्हय," म्हणत जानबाने सेल्फ मारला. सणाच्या दिवशी, महिनाभर बंद असलेलं वडाप, स्टँडवर ओळखीची माणसं, आणि हा चार माणसं घेणार. आप्पांना ते कळत नव्हतं असं नाही. गौराक्का मागच्या फाळक्यावर बसली आणि जाताना मला म्हणाली, "उद्या सोनं द्यायला यितो बगा."

बाराला लेथवाल्याच्या दुकानात फोन आला.

गाडीत अकरा माणसं होती. चढाच्या मधोमध इंजिन मिस मारायला लागलं. जानबाने रेस दाबली, तसं ते अजूनच गुदमरलं आणि बंद पडलं. हँडब्रेक नावालाच होता, पायाचा ब्रेक अकरा माणसांना धरेना, गाडी मागे सरकायला लागली. गौराक्काने उडी मारली. पहिला धोंडा चाकाने उडवून लावला. दुसरा तिने लावला आणि सुटू नये म्हणून हाताने दाबून धरला. चाक धोंड्यावर चढलं, आणि धोंड्याबरोबर तिच्या हातावरही. तिथे गाडी थांबली. दरी तिथून सात-आठ हात होती, असं नंतर कुणीतरी मोजून सांगितलं.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. बाहेर सातमाळची सगळी वाडी जमली होती, सणाच्या कपड्यांत. जानबाच्या सदऱ्यावर रक्त होतं. तो आप्पांच्या अंगावर धावून गेला आणि दोघातिघांनी त्याला धरलं.

"तुमाला एकच सांगिटलं हुतं! एकच! चढाला थांबू नगं म्हनून!"

"चूक माजी हाय," आप्पा म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कार्बोरेटर उलटा बसिवला मी. वाटी मागं आली. पोरीचा त्यात काय संबंध न्हाई. ती इंजेक्शन घाला म्हनत हुती."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर संताप. हे कोण मोठे आले माझ्यावर पांघरूण घालणारे? एकदा चारचौघांत शिकाऊ म्हणून मातीत घालायचं आणि एकदा चारचौघांत उचलून वर ठेवायचं, दोन्ही ह्यांच्याच मर्जीने! माझा अपराधसुद्धा त्यांनी मला घेऊ दिला नाही. आणि मी तो मागून घेतलाही नाही. बोलायला ती जागा होती, माणसं होती, वेळ होती. मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

त्यानंतरचा महिना मी जन्मात विसरणार नाही. गावाने आप्पांचं गॅरेज जवळजवळ सोडलं आणि माझ्याकडे रीघ लागली. गॅरेज तेच, फक्त दारातून आत येणारा विचारायचा, "कुंदाताई हायत का?" म्हातारा आता चुकायला लागलाय. पोरगी सांगत होती, ऐकलं नाही. शिकल्या-सवरल्याचं ऐकावं. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे हेच. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, अगदी माझ्या डोक्यातल्या चित्राबरहुकूम. आणि आप्पा कोपऱ्यात स्टुलावर बसून कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग घासत असायचे. एक शब्द नाही. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, तर हे उठून स्वतः चहा करून घ्यायचे. वाद घालायला माणूस समोर नसला की राग कुठे ठेवायचा?

जीप आमच्याकडेच ओढून आणली होती. एका सकाळी मी चार नट काढले, वाटी पुढे घेतली, केबलला पट्टी केली, नट आवळले. मग मागे वाळूची पोती भरली, अकरा माणसांच्या वजनाची, आणि एकटी सातमाळला गेले. जीप चढ चढली. एकदासुद्धा मिस न मारता, पहिल्या गिअरमध्ये, सुरात. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर बुक्क्या मारल्या. कार्बोरेटर बरोबर होता. आप्पांचं म्हणणं बरोबर होतं. माझंही काही चूक नव्हतं. इंजेक्शननेही हा चढ चढला असता. आठ दिवस आम्ही ज्याच्यावरून एकमेकांचे गळे धरले, त्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

दिवाळी झाल्यावर जानबा आणि गौराक्का आले. तिचा हात पांढऱ्या फडक्यात होता आणि तो हात ती पदराखाली ठेवत होती. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"कुंदाताई," जानबा म्हणाला, "इंजेक्शन घालायचं. हिच्या भावानं इंजिन घिऊन दिलंया. पर एक हाय. तुमच्या हातानं घाला. मेस्त्रींचा हात लागू दिऊ नगा. वाईट वाटून घिऊ नगा, मेस्त्री."

"न्हाई गा," कोपऱ्यातून आप्पा म्हणाले. "बरोबर हाय तुजं."

ते 'बरोबर हाय' मला सहन झालं नाही.

"इंजेक्शन नको," मी म्हणाले. "आहे तेच इंजिन चांगलं आहे. मी भरल्या वजनाने सातमाळ चढून आले. कार्बोरेटर फक्त उलटा बसला होता."

"ठावं हाय. मेस्त्रींनी सांगिटलं की दवाखान्यात."

"नट मी आवळले होते."

"त्येंनी सांगिटलं तसं आवळलासा."

"जानबाभाऊ, मला माहीत होतं."

"काय म्हाईत हुतं?" हे गौराक्काने विचारलं.

"वाटी मागे आहे. गाडी चढाला बंद पडणार. आवळतानाच मला दिसलं होतं."

गौराक्का एक पाऊल पुढे आली.

"आनि गप बसलीस?"

"हो."

"का?"

"ह्यांनी मला तुमच्यासमोर शिकाऊ म्हटलं म्हणून."

महिनाभर मी हे कारण मनात बाळगलं होतं आणि आत ते डोंगराएवढं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते इतकं चिमूटभर निघालं की मला ते परत गिळावंसं वाटलं.

कोपऱ्यात स्टूल सरकलं. आप्पा उठून उभे राहिले होते. हातातला प्लग त्यांनी खिशात घातला, का कोण जाणे.

"मलाबी दिसलं हुतं," ते म्हणाले.

"काय?" मी वळले.

"बसिवताना न्हाई. खंडेनवमीच्या सकाळी. कुक्कू लावताना. बोट ठेवलं आनि दिसलं, वाटी मागं हाय."

"मग बोलला का नाही?" माझा आवाज चिरका झाला होता.

"ईचारलं न्हाई का तुला? काय म्हणायचं हाय का म्हनून?"

"विचारलंत! सांगितलं नाही!"

"तुला ठावं हाय ह्ये मी तुज्या तोंडाकडं बगून वळखलं हुतं. म्हटलं, आता बोलंल. पोरगी मेस्त्री असंल तर बोलंल. मग मी म्हननार हुतो, व्हय, चुकलं माजं."

"आणि नाही बोलले तर? तर गाडी जाऊ द्यायची?"

"तू न्हाई का जाऊ दिलीस?"

"तुम्ही मालक आहात!"

"हत्यार पूजंत हुतं!"

"हत्यार पूजेत होतं, तोंड नव्हतं पूजेत, आप्पा!"

"तुजं कुठं हुतं मग?"

आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर जाऊन ओरडत होतो. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख होत होतं. शेवटी एकदाचं भांडायला माणूस मिळालं होतं.

"गप बसा!"

गौराक्का ओरडली तेव्हा लेथवाल्याचं मशीनसुद्धा थांबलं. तिने पदराखालचा हात बाहेर काढला. डाव्या हाताने तिने ते पांढरं फडकं सोडायला सुरुवात केली. गाठ निघेना. जानबा मदतीला वाकला, तिने त्याला कोपराने ढकललं. दातांनी गाठ सोडवली, फडकं खाली टाकलं आणि तो हात आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"तुला दिसलं हुतं," ती मला म्हणाली. मग आप्पांकडे वळली. "तुमालाबी दिसलं हुतं. दोगांस्नीबी दिसलं हुतं. मला एकटीलाच दिसलं न्हवतं. मी नवं लुगडं नेसून गाडी न्यायला आलो हुतो, तुमी दोगं बगत हुतासा. तुमच्या घरचं भांडान तुमच्या घरात ठिवायचं हुतं की वो. माज्या हातावर कशापायी आनलं?"

जानबाने खाली पडलेलं फडकं उचललं, झटकलं आणि तिच्या हाताला परत गुंडाळायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. पण ह्या वेळी तिने त्याला गुंडाळू दिलं.

"अवं, चावी घ्या," ती त्याला म्हणाली. "हाय त्येच इंजिन ऱ्हाऊ द्या. ह्येंच्या दारात उबं ऱ्हायाचं न्हाई."

मी फळीवरची चावी काढून दिली. जीप पहिल्या सेल्फला सुरू झाली. गौराक्का पुढे बसली, त्याच्या शेजारी, आणि तिने मागे वळून बघितलं नाही. चौकातून गाडी वळली तरी इंजिनाचा आवाज येत होता, गोड, एकसारखा.

आप्पा स्टुलावर जाऊन बसले. मी दारात उभी होते. आता ह्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी वाट बघत राहिले. चांगली पाच मिनिटं गेली असतील. मग माझ्या लक्षात आलं की तेही तिथे बसून, माझ्याकडे बघत, नेमकी हीच वाट बघत होते. आणि मला आमची, आम्हा दोघांची, शिसारी आली.